कडी लावून भाजलेला मसाला

कुवेतमधल्या आमच्या प्लँटमध्ये कोणी नवीन मराठी माणूस आला की पहिल्याच आठवड्यात मला विचारतो, "पाटील, इथं जेवायचं कुठं?" मी कोल्हापूरचा. जेवणाच्या बाबतीत माझं मत कोणी विचारलं नाही तरी मी देतो, विचारल्यावर तर सोडतच नाही. पण या प्रश्नाला उत्तर देताना हल्ली मी जरा अडखळतो. फहाहीलमधल्या 'कोकण-मलबार'चं नाव सांगतो, न्हाव्याच्या दुकानाला लागून आहे म्हणून खूण सांगतो, आणि आबा धुरींचं नाव मात्र गिळून टाकतो. कारण आबा आता तिथं नाहीत, आणि का नाहीत हे सांगायला बसलं तर विचारणाऱ्याची जेवणाची वेळ टळून जाईल. आज सुट्टी आहे, बाहेर पन्नास डिग्री आहे, कुठं जायचं नाही. सांगूनच टाकतो.

मी शुऐब्याच्या प्लँटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. बायको-मुलं कोल्हापुरात, म्हणून इथल्या भाषेत मी बॅचलर. लग्नाला एकोणीस वर्षं झालेला बॅचलर. कंपनीची बस सकाळी उचलते, संध्याकाळी फहाहीलला आणून टाकते, आणि त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये माणसाचं जे काही होतं त्याला आम्ही ड्युटी म्हणतो. अशा आयुष्यात जेवण ही एकच गोष्ट आपल्या हातात असते. तीही खरं तर आपल्या हातात नव्हती, आबांच्या हातात होती.

'कोकण-मलबार' म्हणजे सहा टेबलं. मालक केरळचे बशीर, सगळे त्यांना बशीरशेठ म्हणत. आत दोन आचारी. परोटा, अवियल, बीफ फ्राय हे कुट्टन नावाच्या मल्याळी माणसाकडं, आणि बांगड्याचं तिखलं, कोंबडीवडे, सोलकढी आबांकडं. दोघांचं पहिलं वर्ष भांडणात गेलं म्हणतात. कुट्टन माशात आंबटाला ती त्यांची काळी कुडंपुळी घालायचा आणि आबा सोलं, आणि दोघंही एकमेकांच्या पातेल्यात डोकावून नाक मुरडायचे. मग एक दिवस कळलं की दोघांनाही भात लागतो तो उकड्या तांदळाचाच. तिथून पुढं एक मोठं पातेलं दोघांच्यात सामायिक झालं. गिऱ्हाईकं तर केव्हाच मिसळली होती. शुऐब्याचे कुडाळ-सावंतवाडीकडचे फिटर परोट्याबरोबर तिखलं खायचे, मल्याळी ड्रायव्हर सोलकढीचे पेले रिचवायचे, आणि शुक्रवारी रत्नागिरीकडची मुसलमान कुटुंबं पोराबाळांसकट यायची. पोरं इंग्रजीत कुरकुरायची आणि बोटं चाटायची.

माझं पहिलं जेवण मला चांगलं आठवतं. तिखल्यात एक काळपट दाणा लागला, मी मिरी समजून चावला. दोन मिनिटांत जीभ बधिर. मला वाटलं, झालं, विषबाधा. मी उठून उभा राहिलो आणि "कोण आहे रे आत?" म्हणून ओरडलो. आतून एक सडसडीत म्हातारा आला. खाकी हाफ पँट, पांढरा बनियन, वर एप्रन, कानामागं पेन्सिल. त्यानं माझ्या ताटात पाहिलं, मग तोंडाकडं पाहिलं.

"खंयचे तुमी?"

"कोल्हापूरचा."

"तरीच. घाटावरचे. तिरफळ चावून खाल्लात? ता खावचा नसता ओ, बाजूक काढून ठेवचा. जीभ येतली जाग्यावर, घाबरा नको."

आणि वाटीभर सोलकढी आणून समोर उभा राहिला. मी संपवेपर्यंत हलला नाही. मी आमच्या तांबड्या रश्श्याची महती सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, "आसात, आसात. पण त्यात मासो खंय?" त्या दिवसापासून मी त्यांचा 'पाटील' झालो आणि ते माझे आबा.

आबा वेंगुर्ल्याजवळच्या खेड्यातले. या हॉटेलात सोळा वर्षं. राहायची जागा हॉटेलाच्याच वर, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत पाच जण. सकाळी पायऱ्या उतरून स्वयंपाकघरात, रात्री पायऱ्या चढून खोलीत. समुद्र चार मिनिटांवर. मी एकदा म्हणालो, "आबा, चला, समुद्राकाठी कॉर्निशवर जरा फिरून येऊ. तुम्ही दर्यावरचे माणूस." ते तांदूळ निवडत होते, मान वर न करता म्हणाले, "हयचो समुद्र बघून काय करू? पल्याड जावक गावात तेव्हा बघूचो." पासपोर्ट बशीरशेठच्या कपाटात होता. आणि आता तर इथून निघायचं तर मालकाला मोबाइलवर मंजुरी द्यावी लागते, त्याशिवाय विमानतळावर पुढं सोडत नाहीत. सगळ्यांचंच हे असं आहे. माझंही आहे. सवय होते, इतकंच.

पण आबांना खरं अडकवलं होतं ते त्यांनी स्वतःच, आणि ते कसं हे सांगायचं तर गुरुवारची गोष्ट सांगायला हवी.

एक आड एक गुरुवारी, दुपारचं जेवण आटोपलं की आबा मागच्या कोठीच्या खोलीत शेगडी नेत, पंखा लावत, आणि आतून कडी घालत. मसाला भाजायचा दिवस. दोन तास ती कडी निघायची नाही. धने, बडीशेप, दगडफूल, मिरच्या, आणखी काय काय, एकेक जिन्नस वेगळा भाजून, वेगळा निववून, मग एकत्र कुटलेला. बाहेर सगळी गल्ली शिंकत असे. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा बाजूला घेऊन उभा राहायचा. एकदा बलदियाचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, तपासनीस ऐन त्या वेळी आला आणि म्हणाला, ती खोली उघडा. बशीरशेठनं दार ठोठावलं, विनवण्या केल्या. आतून आवाज आला, "दस मिनट. अभी धनिया जलेगा." तपासनीस पाऊण तास बाहेर शिंकत बसला, शेवटी दोन परोटे खाऊन, सही करून गेला. आबांना नंतर कोणी रागावलं तर म्हणाले, "दार उघडला आसता तर तो माका मसालो भाजून देतलो होतो काय?"

कडीचं कारण मला त्यांनी एकदाच सांगितलं. कुवेतला आले तेव्हा आधी राई नावाच्या भागात, गॅरेजवाल्यांच्या एका कँटीनला होते. तिथं हाताखाली एक जण दिला. आबांनी भोळेपणानं त्याला सगळं शिकवलं, माप, क्रम, वाटण किती बारीक तेसुद्धा. दोन महिन्यांनी कँटीनवाला म्हणाला, आता तुमची गरज नाही. त्यानंतरचे चार महिने ते कोणाकोणाच्या खोलीत जमिनीवर झोपले. "एकदा दाखयलंय पाटील, नि गेली नोकरी. आता कोणाक नाय," ते म्हणाले. मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. इथं प्रत्येक जण आपापली कडी लावूनच बसलेला असतो. आमच्या प्लँटवर एक व्हॉल्व्ह असा आहे की तो फक्त मलाच सेट करता येतो, आणि मी तो कोणाला शिकवलेला नाही; आबांना तसं सांगितलंही होतं.

दोन वर्षांपूर्वी आबा महिन्याच्या सुट्टीवर गावी गेले. त्यांची बायको, शालिनीकाकी, विसरायला लागल्या होत्या. एकाच आमटीत तीनदा मीठ, चुलीवर दूध ठेवून शेजारी जाऊन बसणं. मूलबाळ नाही, घरात फक्त धाकटी भावजय. डॉक्टरनं सांगितलं, हे वाढत जाणार. निघताना काकींनी आबांचा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "माका तुमची वळख आसा तवसर येवा." आबांनी मला हे सांगितलं तेव्हा ते कांदा चिरत नव्हते, तरी डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

आता इकडचं ऐका. त्याच महिन्यात बशीरशेठनं राईवरून एक बदली आचारी आणला होता. आबांनी डब्यात भरून ठेवलेला मसाला त्यानं दोन आठवड्यांत उधळला, आणि मग बाजारातली पुडी फोडली. पहिल्याच शुक्रवारी लोक अर्धी ताटं टाकून उठले. मीही उठलो. महिनाअखेर टेबलं रिकामी होती. बशीरशेठनं जे बघायचं ते बघितलं, आणि आबा परत येऊन म्हणाले की मला आता कायमचं घरी जायचं आहे, तेव्हा शेठच्या पायांखालची जमीनच सरकली.

बशीरशेठ वाईट माणूस नव्हे. तो वाईट असता तर सोपं झालं असतं. आबांना ताप आला तर स्वतः दवाखान्यात नेऊन बसायचा. पण जायचं म्हटलं की हात जोडायचा. "आबा, रमजान होऊ द्या." रमजान झाला. "ईदची गर्दी होऊ द्या." तीही झाली. "थंडीत धंदा असतो, थंडी जाऊ द्या." "इथं सात माणसं पोट भरतात, तुम्ही गेलात की सगळे घरी." आबा ऐकून घ्यायचे आणि मुकाट्यानं नारळ खवायला बसायचे. मी म्हणालो, लेबर ऑफिसात अर्ज करू, मी भरून देतो. ते म्हणाले, "तेच्या लग्नाक तेच्या आवशीन माका आग्रहाचा बोलावणा धाडला होता. तेच्याविरुद्ध सही करूक माझो हात जावचो नाय." मीही पुन्हा आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर आबा गेले तर आपल्या जेवणाचं काय, हा विचार माझ्याही डोक्यात होता. आज लाज वाटते, पण होता.

एक युक्ती मात्र मी दिली. म्हटलं, "आबा, महिनाभर मुद्दाम वाईट करा. मालक स्वतःच हाकलेल." त्यांना ती पटली. पुढच्या शुक्रवारी त्यांनी तिखल्यात मूठभर मीठ जास्तीचं टाकलं, सोलं दुप्पट, आणि दाराआड उभे राहिले. बाहेर शुऐब्याची रात्रपाळी सुटून आलेली माणसं, हातांवर अजून ग्रीस. कोणीतरी म्हणालं, आठवडाभर याच ताटाची वाट बघत होतो. आबा आत गेले आणि अख्खं पातेलं मोरीत ओतलं. सगळ्यांना तासभर बसवून ठेवलं आणि नवीन केलं. लोक वैतागले, बशीरशेठ संतापला, पण जेवल्यावर सगळे गप्प. आबा माझ्या टेबलाशी येऊन पुटपुटले, "माका जमाचा नाय ह्या. हातच वळना नाय." मी म्हणालो, "मग मरा इथंच." असं बोलायला नको होतं.

दिवेलागणीला, म्हणजे आपल्याकडच्या, इथं दुपारचे चार वाजायचे. तेव्हा आबा गावी व्हिडिओ कॉल लावत. फोन खोबऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवायचे. पलीकडं भावजय काकींना फोनसमोर बसवायची. सुरुवातीला काकी नीट बोलायच्या, पावसाचं, गुरांचं. मग त्या आबांना आपल्या भावाच्या नावानं हाक मारू लागल्या. आबा त्या नावाला ओ द्यायचे. यंदा उन्हाळा सुरू होताना एका दुपारी मी बाजूलाच बसलो होतो. काकींनी बराच वेळ पडद्याकडं पाहिलं, पदर नीट केला, आणि परक्या माणसाशी बोलावं तसं मर्यादेनं विचारलं, "तुमी खंयचे?"

आबा म्हणाले, "हयचोच." आणि फोन बंद केला.

पुढचा गुरुवार आला. आबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, रजा टाका म्हणाले. मी गेलो तर कोठीच्या खोलीत शेगडी पेटलेली आणि दार सताड उघडं. आबांनी कुट्टनला हाक मारली. कुट्टन पन्नाशीचा, जाडजूड, अबोल माणूस. हात पुसत आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. आत ये म्हटलं तरी त्याला पाय टाकवेना.

"कुट्टन, देखो," आबा आपल्या हिंदीत म्हणाले, "सबसे पहले..."

कुट्टननं आधीच धन्याचं पोतं पुढं ओढलं होतं. चार ओंजळी मोजून कढईत टाकले. आबा बघत राहिले. धने उतरल्यावर त्यानं बडीशेप घेतली, मग दगडफूल, मग लवंग-दालचिनी. मिरच्या शेवटी, तेलाचं बोट लावून. प्रत्येक जिन्नस आबांच्याच क्रमानं, आबांच्याच रंगावर उतरवला. एकदाही विचारलं नाही. मधेच फक्त जाळ लहान केला, आणि त्याच वेळी आबांचाही हात नुसताच हवेत शेगडीकडं वळला.

"तुमको किसने सिखाया?" आबांनी विचारलं.

कुट्टन खालीच बघत होता. "आबा, कढाई कौन धोता था? सोलह साल मैं ही धोया. और बाहर वास आता है ना. एक के बाद एक आता है."

"फिर बोला क्यों नहीं?"

"आप कडी लगाता था," कुट्टन म्हणाला. "बंद दरवाजे के अंदर का बात मैं कैसे बोलेगा? मालिक को मालूम पडता तो आपका नौकरी जाता."

आबा तांदळाच्या पोत्यावर बसले. धूर भरला होता, आम्ही तिघंही खोकत होतो. ते एवढंच म्हणाले, "दोन वर्सां, कुट्टन. दोन वर्सां." मराठीत म्हणाले, पण कुट्टनला कळलं असावं, कारण तो मोठा माणूस तिथंच भिंतीकडं तोंड करून रडायला लागला.

मला आधी कुट्टनचा राग आला, मग बशीरशेठचा, मग आबांचा. कोणावरच धड टिकेना. एक माणूस आपली नोकरी राखायला दार लावतो, दुसरा त्याची नोकरी राखायला तोंड मिटतो, आणि तिकडं एक बाई रोज थोडी थोडी विसरत जाते. कोणाला शिव्या घालायच्या, सांगा.

त्या शुक्रवारी सगळं कुट्टननं रांधलं. आबा माझ्यासमोर गिऱ्हाइकासारखे टेबलावर बसले, सोळा वर्षांत पहिल्यांदा. एप्रन नव्हता, इस्त्रीचा शर्ट घातला होता. बशीरशेठला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. हॉटेल भरलं, ताटं गेली, ताटं पुसून परत आली. शुऐब्याचा एक फिटर हात धुवायला जाताना स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला, "आबानूं, आज एकदम फस्क्लास हां!" आबा माझ्याजवळच बसलेले होते. त्यांनी भातावर तिखलं ओतून घेतलं, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मी विचारलं, "कसं आहे?"

"माझाच आसा," ते म्हणाले. सुटल्याचा आनंद त्या आवाजात मला काही सापडला नाही.

मग त्यांनी बशीरशेठला बोलावलं आणि कोणी रांधलं ते सांगितलं. बशीरशेठ आधी हसला, मग आत जाऊन कुट्टनला बघून आला, आणि खुर्चीत बसला. चष्मा लावला. मोबाइल काढला. दोन-चार वेळा काहीतरी दाबलं. पाच मिनिटंही लागली नसतील. फोन आबांपुढं धरून म्हणाला, "हो गया, आबा." त्याला वर बघवत नव्हतं.

"इतनाही?" आबांनी विचारलं.

"इतनाही."

आबा चौथ्या दिवशी गेले. विमानतळावर कुट्टन आला नाही, ड्युटी होती. मी सोडायला गेलो. आत जाताना आबा म्हणाले, "पाटील, तुमचो तो व्हॉल्व्ह कोणाक तरी शिकवा." मी अजून शिकवलेला नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी, गेल्या आठवड्यात, मीच त्यांना कॉल लावला. पलीकडं स्वयंपाकघर दिसलं. आबा बनियनमध्ये, हातात पळी. वजन उतरलेलं. काकी पाटावर जेवायला बसल्या होत्या, केस विंचरलेले, स्वच्छ पातळ.

"कशा आहेत?" मी विचारलं.

"जेवता बरा. माझ्या हातचा सगळा खाता." मग फोन जवळ घेऊन हळू आवाजात म्हणाले, "तिका वाटता मी आचारी आसंय. भावजयीन ठेवलेलो."

तेवढ्यात मागून काकींचा आवाज आला, स्पष्ट, काळजीचा. रोज याच वेळी हेच सांगतात, असं आबांनी मला नंतर सांगितलं.

"ओ, काळोख पडलो बगा. घराकडली तुमची वाट बघीत आसतली. काम झाला तर जावा आता."

"व्हय ओ, जातंय," आबा म्हणाले, आणि काकींच्या ताटात भात वाढायला वाकले.